पायी पाहिलेले लंडन

परदेशात शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या एकदोन दिवसांतच दोन गोष्टी पडतात. एक म्हणजे खोलीची किल्ली आणि दुसरी म्हणजे त्या शहरातील रेल्वेचा नकाशा. किल्लीचा उपयोग लगेच कळतो. नकाशाच्या बाबतीत मात्र बऱ्याच जणांचा असा समज होतो की, आपल्याला शहर समजले.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. हॅरी बेक या आरेखकाने तयार केलेला हा नकाशा १९३३ साली प्रथम प्रवाशांच्या हाती आला. भुयारातून जाणाऱ्या माणसाला वरचे रस्ते दिसत नाहीत. कोणते स्थानक कोणत्या मार्गावर आहे आणि गाडी कोठे बदलावयाची, एवढेच त्याला हवे असते, हे बेक यांनी ओळखले. म्हणून त्यांनी मार्गांची वेडीवाकडी वळणे सरळ केली, शहराच्या मध्यभागातील दाटी सैल केली आणि उपनगरांकडची लांब अंतरे आखूड केली. हा नकाशा इतका सोयीचा ठरला की, जगातील अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. नवख्या माणसाची मात्र त्यामुळे थोडी फसगत होते. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्थानके नकाशात इतर कोणत्याही दोन स्थानकांइतकीच दूर दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये जेमतेम २६० मीटर अंतर आहे. खाली उतरून, गाडीची वाट पाहून पुन्हा वर येईपर्यंत पायी निघालेला माणूस केव्हाच पोहोचलेला असतो. अखेर २०१५ साली लंडनच्या वाहतूक संस्थेनेच, दोन स्थानकांमध्ये चालत जाण्यास किती मिनिटे लागतात हे दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला.

रेल्वेने फिरणाऱ्याला शहर सुट्या मण्यांसारखे दिसते. एक मणी महाविद्यालयाचा, एक बाजाराचा, एक राहत्या घराचा. या मण्यांमध्ये दोरा ओवला जातो तो चालण्याने. ज्यांनी लंडनमध्ये असा दोरा ओवला, त्यांत आपल्या देशातील दोन विद्यार्थ्यांची नावे ठळक आहेत.

पहिला विद्यार्थी मोहनदास करमचंद गांधी. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून निघाला, तेव्हा त्याला एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मांसाहार करणार नाही, असे वचन त्याने आईला दिले होते. त्यामुळे लंडनमध्ये त्याच्यापुढे सर्वांत मोठा प्रश्न उभा राहिला तो अभ्यासाचा नव्हे, तर पोटाचा. घरमालकीण जे रांधी, त्यातील फारच थोडे त्याला चालत असे. शहरात शाकाहारी उपाहारगृहे आहेत, असे तिच्याकडून कळले. परंतु ती कोठे आहेत हे सांगणारे कोणी नव्हते. मग गांधीजींनी ती पायी शोधण्यास आरंभ केला. आत्मकथेत त्यांनी लिहिले आहे की, या शोधात ते दिवसाला दहाबारा मैल, म्हणजे सोळा ते एकोणीस किलोमीटर चालत आणि एखाद्या स्वस्त उपाहारगृहात शिरून पोटभर पाव खात. तरी तृप्ती होत नसे. असेच फिरत असताना एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडले. दाराजवळच्या काचेच्या खिडकीत काही पुस्तके विक्रीस मांडली होती. त्यांत हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक होते. ते एक शिलिंगला विकत घेऊनच ते जेवावयास बसले. इंग्लंडला आल्यानंतरचे ते पहिले मनसोक्त जेवण होते. तोवर केवळ वचनासाठी पाळलेला शाकाहार त्या पुस्तकाच्या वाचनानंतर त्यांनी स्वतःच्या विचाराने स्वीकारला. पुढे लंडनच्या शाकाहारी संघाच्या कार्यकारिणीत ते काम करू लागले. सभेत बोलणे, लिहिणे, संघटना चालवणे यांचे पहिले धडे त्यांना तेथे मिळाले.

चालण्याचा दुसरा धडा खर्चाच्या वहीने दिला. गांधीजी पैपैचा हिशेब ठेवीत. बसचे भाडे, टपालाची तिकिटे, वर्तमानपत्र, सारे काही वहीत लिहिले जाई आणि रात्री निजण्यापूर्वी शिल्लक मोजली जाई. वडील बंधू कष्टाने पैसे पाठवीत आहेत, याची जाणीव होताच त्यांनी कुटुंबात राहणे सोडले आणि स्वतंत्र खोली घेतली. खोली निवडण्याची त्यांची कसोटी साधी होती. ज्या कामासाठी जावयाचे, ते ठिकाण पायी अर्ध्या तासाच्या आत गाठता आले पाहिजे. अशी एक खोली ब्लूम्सबरी भागातील स्टोअर स्ट्रीटवर होती. तेथून वकिलीच्या शिक्षणाची त्यांची संस्था, इनर टेंपल, अर्ध्या तासाच्या आतच येते. (या संस्थेत त्या काळी व्याख्यानांपेक्षा भोजनांना अधिक महत्त्व होते. दर सत्रात किमान सहा भोजनांना हजर राहिल्याखेरीज बॅरिस्टर होता येत नसे!) या व्यवस्थेमुळे भाडे वाचले आणि रोज आठदहा मैलांची रपेट आपोआप घडू लागली. इंग्लंडच्या वास्तव्यात आपण जवळजवळ आजारी पडलो नाही, त्याचे श्रेय गांधीजींनी या चालण्याला दिले आहे. १९३० साली एकसष्टाव्या वर्षात साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर चालत जाणाऱ्या पायांना ही सवय लंडनच्या फरसबंद पदपथांवर लागली होती.

गांधीजींना जेथे उपाहारगृह सापडले, तो फॅरिंग्डन स्ट्रीट चालणाऱ्याने मुद्दाम पाहावा असा आहे. वाहनातून जाताना तो सरळ, रुंद आणि काहीसा नीरस रस्ता वाटतो. पायांना मात्र तेथे एक निराळीच गोष्ट कळते. फ्लीट स्ट्रीटवरून सेंट पॉल कॅथीड्रलकडे निघाले की, रस्ता प्रथम हळूहळू उतरतो, लडगेट सर्कस या चौकात तळाला पोहोचतो आणि पुन्हा चढू लागतो. फॅरिंग्डन स्ट्रीट या तळातूनच आडवा जातो. थोडे उत्तरेला गेले तर त्याच्या डोक्यावरून होबर्न व्हायाडक्ट हा १८६९ साली खुला झालेला पूल गेलेला दिसतो. सपाट भासणाऱ्या शहरात, खाली पाण्याचा टिपूसही नसताना, एवढा पूल कशासाठी? कारण ही दरी आहे आणि दरी घडवणारी नदी रस्त्याखाली वाहते आहे. तिचे नाव फ्लीट. हॅम्पस्टेडच्या टेकड्यांवर उगम पावून ती ब्लॅकफ्रायर्सजवळ टेम्सला मिळते. कत्तलखान्यांची घाण आणि शहराचा केरकचरा यांनी तिची गटारगंगा झाली, तेव्हा अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ती टप्प्याटप्प्याने झाकण्यात आली. क्लार्कनवेल भागातील रे स्ट्रीटवर रस्त्यातच एक लोखंडी जाळी आहे. वर्दळ कमी असताना तिच्याशी कान दिला तर खालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज आजही ऐकू येतो.

लंडनचे रस्ते असे वळणावळणाचे का, हाही प्रश्न चालणाऱ्यालाच पडतो. जयपूर किंवा चंदीगड ही शहरे आधी कागदावर आखली गेली आणि नंतर जमिनीवर उतरली. लंडन तसे घडले नाही. व्यापाऱ्यांचे प्राचीन शहर, सुमारे एका चौरस मैलाचे, पूर्वेला. आणि राजसत्तेचे वेस्टमिन्स्टर पश्चिमेला. या दोहोंमधील व भोवतालची खेडी, शेते आणि पायवाटा गिळत ते वाढत गेले. १६६६ च्या मोठ्या आगीत जुने शहर बहुतांश जळाले, तेव्हा ख्रिस्तोफर रेन यांनी रुंद, सरळ रस्त्यांचा आराखडा मांडला होता. परंतु लोकांना आपापल्या जुन्या जागी लवकर घरे हवी होती. आराखडा बाजूला राहिला आणि शहर बहुतेक जुन्याच गल्ल्यांवर पुन्हा उभे राहिले. आज काचेच्या उंच इमारतींमधून अचानक एखादी चिंचोळी, वाकडी गल्ली फुटते, ती अशी शेकडो वर्षांची पायवाट असते.

नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याला या गुंत्यात वाट काढण्याची साधने मात्र भरपूर आहेत. भिंतीवरील रस्त्याच्या पाटीवर नावाशेजारी बहुधा इंग्रजी अक्षरे आणि अंक असतात. तो टपाल विभागाचा संकेत होय. एकाच नावाचे अनेक रस्ते या शहरात असल्याने, नुसते नाव लक्षात ठेवणाऱ्याला हा संकेत वाचवतो. पुष्कळ रस्त्यांवर एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम घरक्रमांक असतात. २००७ पासून चौकाचौकांत पादचाऱ्यांसाठी नकाशाचे उंच फलक उभे राहू लागले. या फलकांत एक खुबी आहे. बहुतेक नकाशांत उत्तर दिशा वर असते. येथे मात्र पाहणाऱ्याचे तोंड ज्या दिशेला असते, ती दिशा वर असते. नकाशात उजवीकडे दिसणारी गल्ली खरोखरच उजव्या हाताला असते. पाच मिनिटांत चालून जाता येईल एवढा परिसर वर्तुळाने दाखवलेला असतो.

वाहने आपल्याकडल्याप्रमाणेच डाव्या बाजूने जातात, त्यामुळे रस्ता ओलांडताना भारतीय विद्यार्थ्याची नजर योग्य बाजूला वळते. त्याला नवलाचे वाटते ते निराळेच. पट्टेरी मार्गावर पादचाऱ्याने पाऊल टाकले की, वाहनाने थांबलेच पाहिजे, असा तेथील नियम आहे. आपला विद्यार्थी वाहन जाण्याची वाट पाहत कडेला उभा राहतो, चालक त्याच्या जाण्याची वाट पाहत थांबतो आणि दोघेही एकमेकांकडे पाहत राहतात.

पावसाची भीती थोडी अनाठायीच आहे. लंडनमध्ये वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात याहून अधिक पडतो. तेथला पाऊस झोडपत नाही, रेंगाळतो. खरी अडचण उजेडाची. डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि दिवस जेमतेम आठ तासांचा उरतो. घरापासून दूर आलेल्या विद्यार्थ्याला एकटेपणा सर्वाधिक छळतो तो याच दिवसांत. जूनमध्ये हाच सूर्य रात्री नऊनंतरही क्षितिजावर असतो आणि वर्ग संपल्यावर टेम्सच्या काठाने कितीही दूर जाता येते. नदीही त्या वेळी पाहण्यासारखी असते. समुद्राच्या भरतीओहोटीमुळे लंडन ब्रिजपाशी तिचे पाणी सात मीटरपर्यंत चढते व उतरते. सकाळी भिंतीला भिडलेली नदी दुपारी मागे सरून चिखलाचा आणि गोट्यांचा किनारा उघडा टाकते.

आता प्रत्येकाच्या खिशात मार्ग दाखवणारा फोन असतो. मग एवढे ध्यानात ठेवण्याचे कारण काय, असे कोणीही विचारील. याचे उत्तर लंडनमध्येच झालेल्या संशोधनात सापडते. तेथील काळ्या टॅक्सीच्या चालकाला परवाना मिळवण्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यासाठी तीनचार वर्षे सहज लागतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चालकांच्या मेंदूची चित्रे घेतली. स्थळांची स्मृती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाची मागील बाजू चालकांमध्ये इतरांपेक्षा मोठी आढळली. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. त्याच संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या प्रयोगात लोकांना सोहो भागातील रस्त्यांतून, चित्रफितीच्या साहाय्याने, वाट काढण्यास सांगितले. स्वतः वाट शोधताना नव्या रस्त्यावर वळताच मेंदूचा हा भाग जागा होई. यंत्र वाट सांगू लागले की, तो तसा प्रतिसाद देत नसे. फोन पाहत चालणारा विद्यार्थी मुक्कामी पोहोचतो हे खरे. पण वाट त्याच्या मनात उमटतेच असे नाही. निघण्यापूर्वी नकाशा नीट पाहून घ्यावा, मग फोन खिशात ठेवावा आणि अडल्यास पुन्हा काढावा, हा मध्यममार्ग बरा.

दुसरा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणानंतर १९१६ साली ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही संस्थांत त्यांनी प्रवेश घेतला. परंतु बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. न्यूयॉर्क आणि लंडन येथे ते इतर कोणाही विद्यार्थ्याप्रमाणे रस्त्याने चालले, खोली घेऊन राहिले, ग्रंथालयात बसले. आपण अस्पृश्य मानले जातो, ही जाणीव परदेशातील वास्तव्यात मनातून पूर्णपणे पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे.

ती जाणीव परत आली बडोद्याच्या स्थानकावर. संस्थानच्या नोकरीसाठी ते तेथे उतरले, तेव्हा कोणतेही हिंदू उपाहारगृह आपल्याला जागा देणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले पारशी लोक दाराशी आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली सोडण्यास बजावले. दोन मित्रांकडे विचारणा करूनही जागा मिळाली नाही. मुंबईची गाडी रात्री होती. मधले तास त्यांनी शहरातील एका सार्वजनिक बागेत, कमाठी बागेत, काढले. जगातील दोन मोठ्या नगरांत मोकळेपणी वावरलेल्या या विद्वानाला स्वतःच्या देशातील एका शहरात बसण्यास बागेखेरीज जागा नव्हती. नवे शहर पायी धुंडाळणे हा छंद आहे असे मानले जाते. पण ज्याला रस्ता, पाणवठा आणि निवारा यांवर समान हक्क आहे, त्यालाच हा छंद परवडतो. लंडनही सर्वांना सारखेच वागवीत होते असे नव्हे. तेथेही काळ्यागोऱ्याचा भेद पाहून खोली नाकारली जाई; घरांच्या बाबतीत त्यावर कायद्याने बंदी आली ती १९६८ साली.

१९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला आले. या वेळी जवळ प्राध्यापकीच्या पगारातून वाचवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज होते. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली डी. एस्सी. अशा तीन पदव्या त्यांनी मिळवल्या. १९२१-२२ मध्ये त्यांचे वास्तव्य शहराच्या उत्तरेला, १०, किंग हेन्रीज रोड येथे होते. ब्रिटिश म्यूझियममधील वाचनालय उघडताच आत जावे आणि बंद होईपर्यंत वाचत बसावे, हा त्यांचा क्रम चरित्रकारांनी नोंदवला आहे.

त्या घरापासून म्यूझियमपर्यंतची वाट आज कोणालाही सुमारे तासाभरात चालता येते. घरातून निघाल्यावर थोड्याच वेळात प्रिमरोज हिल ही गवताळ टेकडी लागते. उंची साधारण ६३ मीटरच, पण माथ्यावरून सारे शहर समोर पसरलेले दिसते. टेकडी उतरून कालव्यावरील पूल ओलांडला की, प्राणिसंग्रहालयाच्या कडेने रिजंट्स पार्कमध्ये शिरता येते. उद्यानातील दाट झाडीतून मॅरिलबोन रोडवर आल्यावर वाहनांचा गोंगाट एकदम अंगावर येतो. पुढे ब्लूम्सबरीचे शांत चौक सुरू होतात. वाट थोडी वाकडी करण्याची तयारी असेल तर टॅव्हिस्टॉक स्क्वेअर या चौकात १९६८ साली बसवलेला गांधीजींचा बैठा पुतळा पाहता येतो. तेथून दहाबारा मिनिटांत म्यूझियमचे दगडी खांब दिसू लागतात. १८५७ साली खुला झालेला वाचनालयाचा भव्य घुमट इमारतीच्या मध्यभागी अजून उभा आहे. ग्रंथसंग्रह मात्र १९९७-९८ च्या सुमारास सेंट पँक्रास येथील नव्या ब्रिटिश लायब्ररीत हलवला गेला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथून पाऊण तासाच्याही आत, किंबहुना पंधरा-वीस मिनिटांतच येते आणि ग्रेज इन तितक्याच अंतरावर आहे. एका विद्यार्थ्याचे सारे लंडन असे एका सकाळच्या चालण्यात मावते.

किंग हेन्रीज रोडवरील ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तेथे स्मारक उभे केले. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. चॉक फार्म स्थानकावर उतरून, घरांचे क्रमांक वाचत येणारी माणसे तिच्यासमोर थांबतात. त्यांत पाठीवर दप्तर असलेले विद्यार्थीही असतात.